खेचराचा दुसरा कान

आमच्या कोल्ड केटल गावात दोनशे बारा माणसं राहतात, आणि व्हर्लिन स्टूकीचा त्यांतल्या दोनशे अकरा जणांवर संशय आहे. उरलेला एक म्हणजे तो स्वतः. त्याच्याबद्दल त्याची खात्री आहे, असं आम्ही गेल्या सप्टेंबरपर्यंत धरून चाललो होतो.

व्हर्लिन एक्काहत्तर वर्षांचा आहे. उंच, वाळका, उन्हानं भाजलेला, आणि मान कायम थोडी तिरकी, समोरच्याचं बोलणं एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं तपासत असल्यासारखी. चौतीस वर्षं त्यानं काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर ग्रेडर चालवला. पोटाखाली पातं असलेलं ते पिवळं धूड घेऊन तो दिवसाला तीस मैल माती सारखी करायचा आणि संध्याकाळी उतरून, आपणच सारख्या केलेल्या मातीकडे संशयानं बघायचा. त्यासाठी त्याच्या गळ्यात एक पितळी पाणसळ असायची. वीतभर लांबीची नळी, आत एक तार आणि हवेचा बुडबुडा. नळी डोळ्याला लावायची, बुडबुडा तारेवर आणायचा. तारेच्या रेषेत जे दिसेल ते आपल्या डोळ्याच्या बरोबरीचं. वर दिसेल ते उंच, खाली दिसेल ते सखल.

"रस्ता सपाट दिसतो म्हणून तो सपाट असतो असं नाही," हे त्याचं तत्त्वज्ञान. नोकरी संपली तेव्हा त्यानं ग्रेडरची किल्ली परत केली, पण पाणसळ काही गळ्यातून उतरली नाही. त्या नळीतून त्यानं हॉटेलातलं बिलियर्डचं टेबल पाहिलं, चर्चची जमीन पाहिली, शेजाऱ्याचं कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. आमचे जुने पाद्री गेले, त्यांची पेटी खड्ड्यात उतरवली, सगळे माना खाली घालून उभे, आणि व्हर्लिन गुडघे टेकून नळीला डोळा लावून म्हणाला, "डोक्याकडे अर्धा इंच खाली आहे." पेटी पुन्हा वर घेतली. अर्धा इंच खालीच होती. हा माणूस आम्ही सहन करतो त्याचं कारण हेच; तो बरोबर निघतो. ज्याचा संशय खोटा ठरतो त्याला हसता तरी येतं.

त्याची बायको लुएला एकदा मला म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं याच्या कॉफीत मी साखर घालते आहे. आणि अजून हा पहिला घोट घेऊन माझ्याकडे बघतो."

पण व्हर्लिनची खरी हुकमत रस्त्यावर किंवा घरात नाही, ती डोंगरावर आहे.

गावाच्या पूर्वेला पांढऱ्या खारट मैदानापलीकडे आमचा डोंगर उभा आहे. साडेदहा हजार फूट उंच, उघडाबोडका, माथ्यावर दोन टोकं. लांबून खेचरानं कान टवकारल्यासारखं दिसतं, म्हणून नावच खेचराचे कान. उत्तरेच्या कानावर सरकारी मोजणीवाल्यांनी फार पूर्वी खडकात एक पितळी चकती ठोकली. सरकारी नकाशात उंचीचा आकडाही त्याच कानावर छापला आहे. चकतीशेजारी दगडांत दारूगोळ्याची एक जुनी लष्करी पेटी ठेवलेली असते, आणि पेटीत एक वही आणि पेन्सिल. जो कुणी वर पोचेल त्यानं नाव, तारीख लिहायची आणि पेटीचं झाकण नीट लावायचं. साक्षीला कुणी नसतं. आमच्या वाळवंटात सगळा कारभार त्या पेन्सिलीवर चालतो. लिहिलं म्हणजे चढला, नाही लिहिलं म्हणजे घरी झोपला होता.

ही वही तीस वर्षं व्हर्लिनच्या ताब्यात आहे. दर सप्टेंबरला तो नवी वही ठेवतो, जुनी खाली आणतो आणि घरच्या लोखंडी कपाटात कुलपाआड घालतो. त्याआधी ती भिंगातून वाचतो. एकदा कुठल्या तरी शहरातल्या दंतवैद्यानं आपल्याबरोबर बायकोचंही नाव लिहिलं होतं. व्हर्लिनला दोन्ही नावांतला 'आर' सारखा वाटला. त्यानं बायकोला पत्र टाकून विचारलं, की बाई, अमुक तारखेला आपण डोंगरावर होता का? उलट टपाली उत्तर आलं, की मी आईकडे होते, पण हे महाशय त्या दिवशी कुणाबरोबर होते ते मलाही कळवा. दंतवैद्य पुन्हा आमच्या बाजूला दिसला नाही.

पन्नास वेळा माथा गाठणाऱ्याचं नाव गाशुशाच्या हॉटेलात लागतं. गाशुशा ही त्या हॉटेलची बास्क मालकीण; बास्क म्हणजे स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे डोंगरी लोक. तिच्या आजोबांपासून मेंढपाळ तिथे जेवायला आणि हिवाळ्यात राहायला येतात. जेवणघरात एक लांबच लांब टेबल आहे, आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला जुनिपरच्या लाकडाची फळी. तापलेल्या लोखंडानं तिच्यावर नाव डागायचं. अख्ख्या इतिहासात तीन नावं. पहिले दोघे कबरीत आहेत, तिसरं व्हर्लिन स्टूकी, एकसष्ट चढाया. तो बरोबर त्या नावाखाली बसून जेवतो. चुकून कुणी दुसरं बसलं तर त्याच्या पाठीकडे पाणसळ लावल्यासारखा बघत उभा राहतो.

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी आम्ही वीसेक जण त्या टेबलाला होतो. सूपचं मोठं भांडं हातोहात फिरत होतं. टोकाला बेतिरी उरुती बसला होता. सत्त्याहत्तर वर्षांचा मेंढपाळ, अठराव्या वर्षी बापामागोमाग बास्क मुलखातून इकडे आला तो इथलाच झाला. बेतिरी एका जेवणात सरासरी चार शब्द बोलतो, त्यांतला एक 'मीठ' असतो. त्या दिवशी त्यानं पावाच्या तुकड्यानं बशी पुसली आणि म्हणाला, "गाशुशा पोरी, लोखंड साफ करून ठेव. यंदा माझी पन्नासावी."

"कसली पन्नासावी, ओसाबा?" गाशुशानं विचारलं. ती त्याला काकाच म्हणते.

"डोंगराची."

सूपचं भांडं जिथं होतं तिथं थांबलं. व्हर्लिननं हळूच चमचा खाली ठेवला.

"बेतिरी," तो म्हणाला, "तीस वर्षांच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्याआधीच्या वीस वर्षांच्याही आहेत. त्यांत तुझं नाव किती वेळा आहे, ठाऊक आहे?"

"नाही."

"एकदाही नाही."

"असेल," बेतिरी म्हणाला. "मी डब्यात कशाला लिहू? माझं वर आहे."

"डबा वरच आहे!"

"तुझा असेल."

कुणीतरी हसलं. व्हर्लिननं मान आणखी तिरकी केली. "ठीक. मग एक सांग. माथ्यावरची पितळी चकती. तिच्यावर बाण कोणत्या दिशेला आहे?"

बेतिरीनं घास चावून संपवला. "कसली चकती?"

संपलं. टेबलावरचे सगळे आपापल्या बशीत काहीतरी शोधायला लागले. पन्नास वेळा माथ्यावर गेलेल्या माणसाला चकती ठाऊक नाही, म्हणजे पन्नास वेळा देवळात जाऊन घंटा न पाहिल्यासारखं. मला स्वतःला त्या क्षणी म्हाताऱ्याची इतकी लाज वाटली, की मी उगीच सगळ्यांना मीठ वाटत सुटलो.

"ओसाबा," गाशुशा हळूच म्हणाली, "नाव नसलं तरी काय बिघडतंय? तुमची खुर्ची आहेच की इथे."

"ऑक्टोबरात मुलगी मला बॉइझी शहरात नेणार," बेतिरी म्हणाला. तो एवढं बोललेलं मी प्रथमच ऐकत होतो. "तिसऱ्या मजल्यावर घर आहे. खालून गाड्या जातात. माझा बाप बावीस वर्षं या टेबलाला जेवला. सगळे त्याला मेंढीवाला म्हणायचे. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. मेला तेव्हा कागदावरही चुकीचं लिहिलं. जायच्या आधी उरुती हे नाव एका भिंतीवर बघायचंय. फुकट नकोय. मी चढलोय."

"ही फळी काही धर्मादाय नाही," व्हर्लिन म्हणाला. आवाज कठोर होता, पण नजर सूपात होती. "तू चढला असशील तर दाखव. तुझ्या वाटेनं जाऊ. तू कुठून माघारी फिरतोस ते मला बघायचंय. आणि साक्षीला ऑर्व्हिल येईल."

ऑर्व्हिल म्हणजे मी. मी शाळेची बस चालवतो, आणि गेल्या वीस वर्षांत सीटवरून उतरण्याखेरीज कसलीही उतरण केलेली नाही.

"मीच का?" मी विचारलं.

"खोटं बोलायला डोकं लागतं," व्हर्लिन म्हणाला. "तू सुरक्षित आहेस."

सप्टेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी पहाटे आम्ही तिघं निघालो. व्हर्लिन नेहमी उत्तरेकडून, जुन्या खाणीच्या वाटेनं चढतो. बेतिरीनं गाडी दक्षिणेला, मेंढ्यांच्या वाटेच्या तोंडाशी लावायला सांगितली. व्हर्लिन या बाजूनं आयुष्यात चढलेला नव्हता, आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

"वाट कुणी बघू नये म्हणूनच ही वाट," तो माझ्या कानात म्हणाला.

"अरे, समोर दिसतेय की वाट."

"तेच तर."

ओढ्याशी पाणी भरून घेतलं. यापुढे डोंगरावर थेंब मिळत नाही. बेतिरी पात्रात उतरला, वाकून बराच वेळ चाचपत राहिला, आणि दोन मुठींएवढा एक गुळगुळीत करडा गोटा उचलून त्यानं पिशवीत टाकला.

"तो कशाला?" व्हर्लिननं विचारलं.

"लागतो."

पुढचा अर्धा तास व्हर्लिन मला मागे ओढून त्या गोट्याचे अर्थ सांगत होता. एक, पिशवी जड करून दमल्याचं सोंग करायचं आणि अर्ध्यातून परतायचं. दोन, तो आपल्या डोक्यात घालायचा.

"दगड एक आणि साक्षीदार दोन," तो म्हणाला. "म्हणजे आधी तुझा नंबर. पुढे चाल."

सेजच्या झुडपांतून वर आलो तर अ‍ॅस्पेनची राई लागली. पांढऱ्या खोडांवर मेंढपाळांनी एकटेपणात कोरलेली नावं, तारखा, घरं, बाया. एका खोडापाशी बेतिरीनं टोपी काढली. सालीत काळसर फुगलेल्या अक्षरांत 'पी. उरुती' असं होतं, खाली '१९४९'.

"माझा बाप," तो म्हणाला.

व्हर्लिननं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, नखानं खरवडलं, वास घेतला. "जुनं आहे," त्याला कबूल करावं लागलं. "पण हे बापाचं झालं. बापानं खाल्लं म्हणून पोराचं पोट भरत नाही."

"खरंय," बेतिरी म्हणाला आणि चालू लागला.

राईच्या वर सावली नाही. नुसती घसरती खडी, मुठीएवढ्या झाडोऱ्याचे खुंट आणि वारा. दोन पावलं वर टाकावीत आणि खडीनं दीड पाऊल खाली आणावं. नऊ हजार फुटांवर माझी छाती भात्यासारखी वाजायला लागली. व्हर्लिन बेतिरीच्या मागे पाच पावलं ठेवून चालत होता, चोराच्या मागे शिपाई चालावा तसा, आणि बेतिरी मान खाली घालून एका चालीनं, मेंढीच्या चालीनं चढत होता. त्याचा डावा गुडघा रुमालानं बांधलेला होता. दर शंभर पावलांना तो थांबायचा, गुडघ्याला त्याच्या भाषेत काहीतरी सांगायचा, पुढे जायचा.

खांद्यासारख्या एका सपाटीवर मात्र तो बसला तो बसलाच. दहा मिनिटं गेली. वीस गेली. तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं पिशवी उघडली, गोटा बाहेर काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

"झालं," व्हर्लिन माझ्याकडे वळून पुटपुटला. "ही त्याची जागा. दर वर्षी इथे येतो, गोटा टाकतो, परत जातो. बघ आता."

मी बघत होतो. पण मला व्हर्लिनचं तोंडही दिसत होतं, आणि त्याच्यावर विजय दिसायला हवा होता तो दिसेना. खोटं पकडायला साठ मैल आलेला माणूस ते हाती लागायच्या वेळी इतका कसनुसा का होतो, याचा मला पहिल्यांदा संशय आला.

"बेतिरी," मी म्हणालो, "परत फिरायचं का? कुणी काही म्हणणार नाही."

"हा म्हणेल," बेतिरी व्हर्लिनकडे बोट करून म्हणाला. "त्याला म्हणायलाच हवं. त्यासाठीच तर ठेवलाय त्याला." त्यानं गोटा पुन्हा पिशवीत टाकला आणि उठला.

खांद्यावरून उत्तरेच्या कानाकडे वळायला एक घळ उतरावी लागते. सडलेल्या दातांसारखे हलणारे खडक असलेली ती घळ कुणी ओलांडत नाही. बेतिरीनं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो सरळ दक्षिणेच्या कानावर चढला, आणि आम्ही हाशहुश करत त्याच्यामागे.

वर दगडांचा एक मनोरा होता. पुरुषभर उंच, खांद्याशी रुंद, वर डोक्यासारखा एकच दगड. बास्क मेंढपाळ असे मनोरे रचतात आणि त्यांना दगडाचा पोरगा म्हणतात. लांबून कळप कुठे आहे ते त्यांवरून कळतं, आणि आठवडेच्या आठवडे कुणी माणूस दिसत नाही तेव्हा बोलायला बरे पडतात. समोरच्या कानावर पेटी तपासताना व्हर्लिननं हा पोरगा एकसष्ट वेळा पाहिला होता, आणि 'रिकामटेकड्यांचे उद्योग' असं म्हणून एकसष्ट वेळा पाठ फिरवली होती.

बेतिरी त्या पोरग्याच्या पूर्वेच्या अंगाला गेला. तिथे पायथ्यापासून छातीपर्यंत करडे, गुळगुळीत गोटे ओळीनं बसवलेले होते. माथ्यावरचा बाकी सगळा दगड तांबडा, धारदार. असा गोल करडा दगड चार हजार फूट खाली ओढ्यातच मिळतो, आणि दगडाला पाय नसतात. त्यानं पिशवीतला गोटा काढला, पॅंटला पुसला, ओळीच्या शेवटी घट्ट बसवला आणि त्यावर हात ठेवून उभा राहिला.

"पन्नास," तो म्हणाला.

मी टाळी वाजवणार होतो, पण व्हर्लिननं हात वर करून मला थांबवलं आणि खाली बसून मोजायला सुरुवात केली. तो मोजून झाल्यावर मी मोजले. माझे एकोणपन्नास भरले. पुन्हा मोजले. मग तो मागच्या बाजूला रांगत गेला आणि घरंगळलेला एक गोटा दोन्ही हातांत धरून आला.

"हा धरून पन्नास," तो नाइलाजानं म्हणाला आणि गोटा ओळीतल्या रिकाम्या जागी बसवला. "पण एकाच दिवशी खेचरावर लादून आणले नसतील कशावरून?"

"आणले असते," बेतिरी पाव कापत म्हणाला, "तर गुडघा वाचला असता."

व्हर्लिननं भिंग काढलं. खालच्या गोट्यांवर नारिंगी दगडफूल बशीएवढं पसरलेलं होतं, मधल्यांवर नाण्याएवढं, वरच्या दहा-बारांवर नुसते ठिपके, आजच्यावर ओढ्याची ओल. एक वर्ष एक गोटा, पन्नास वर्षं. ही वही खोडता येण्यासारखी नव्हती. व्हर्लिननं भिंग मिटून खिशात टाकलं. मग उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अचानक तरतरी आली.

"बेतिरी, मी तुला खोटारडा समजत होतो. चूक झाली. माफी मागतो," तो म्हणाला. "तू पन्नास वेळा चढलास. पण चुकीच्या कानावर चढलास! माथा तो आहे." त्यानं समोर बोट केलं. हाकेच्या अंतरावर उत्तरेचा कान, आणि त्यावर पेटीचा इवलासा हिरवा ठिपका. "चकती तिथे आहे, आकडा तिथे आहे. हा कान बुटका आहे. ऑर्व्हिल, तू साक्षीदार आहेस, किती बुटका आहे ते आता मोजूनच देतो."

आणि त्यानं गळ्यातली पाणसळ डोळ्याला लावली.

त्यानंतर काही झालं नाही. म्हणजे बराच वेळ काहीच झालं नाही. व्हर्लिननं नळी खाली घेतली, काच सदऱ्याला पुसली, पुन्हा लावली. मग तो पोटावर आडवा झाला, आपली उंची मधे नको म्हणून गाल थेट खडकाला टेकवला, आणि तसाच बघत राहिला. मग नळी उलटी फिरवून बघितलं. मग उठून पाण्याची अर्धी बाटली दगडावर ठेवली, पाणी स्थिर होऊ दिलं, आणि त्याच्या रेषेतून बघितलं. वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. बेतिरी सॉसेज चावत होता तेवढाच.

"ऑर्व्हिल," व्हर्लिन म्हणाला, "इकडे ये. काय दिसतं ते सांग. मी काय म्हणेन याचा विचार करू नकोस."

मी गाल खडकाला लावला. बुडबुडा तारेवर आणला. तारेच्या रेषेत निळंशार आकाश होतं. पितळी चकतीचा कान, पेटीचा ठिपका, सगळं तारेच्या खाली होतं. चांगलं दोन-तीन पुरुष खाली.

"आकाश," मी म्हणालो.

"हं," व्हर्लिन म्हणाला.

नंतर डोकं शांत झाल्यावर उलगडा झाला. मोजणीवाल्यांनी चकती ठोकली ती चहूकडून दिसेल अशा सोयीच्या जागी. हीच सगळ्यांत उंच असं त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं. ते आमचं आम्हीच ठरवलं, आणि चकतीशेजारी पेटी ठेवून दिली. मेंढपाळ नकाशे बघत नाहीत. त्यांनी जी जागा उंच होती तिथे दगड रचले. बायकोनं केलेल्या कॉफीवर ज्याचा विश्वास नाही, त्या व्हर्लिन स्टूकीनं आयुष्यात एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, ती म्हणजे ती चकती. आणि पितळच असं उघडं पडलं.

तो खडकावर बसला. टोपी काढली. एकदम म्हातारा दिसायला लागला.

"एकसष्ट वेळा," तो म्हणाला. "मी कधी माथ्यावर गेलोच नाही."

"आज आलास," बेतिरी म्हणाला आणि त्याच्यापुढे पाव धरला. "पहिल्यांदा. बरं असतं पहिल्यांदा."

व्हर्लिननं पाव घेतला, सवयीनं वरचा थर उचलून आत काय आहे ते बघितलं, आणि खाल्ला.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"तू तिकडे का जातोस ते कळत नव्हतं," बेतिरी म्हणाला. "वाटलं, डबा आवडतो तुला."

उतरताना माझ्या मनात नको ते येऊ लागलं. हे तिघांनाच ठाऊक होतं. बेतिरी चार शब्दांवर बोलत नाही आणि महिन्याभरात बॉइझीला जाणार. मला डोकं नाही हे गावात जाहीर आहे. म्हणजे व्हर्लिननं नुसतं 'म्हातारा दुसऱ्याच कानावर गेला' एवढं म्हटलं असतं, तरी ते शब्दशः खरं होतं आणि प्रकरण मिटत होतं. नकाशा त्याच्या बाजूला होता. फळीवरचं नाव त्याचं होतं. अ‍ॅस्पेनच्या राईत तो माझ्यापुढे चालत होता आणि मी त्याच्या पाठीकडे बघत होतो, अगदी तो आम्हा सगळ्यांकडे बघतो तसा.

संध्याकाळी हॉटेल भरलेलं होतं. कुणी उघड विचारत नव्हतं, पण कोकराच्या मटणाची परात टेबलावर आली तरी एकाचाही हात पुढे होईना. गाशुशा फडक्यानं तोच तो पेला पुसत होती. बेतिरी आपल्या टोकाच्या खुर्चीवर बसला, गुडघा धरून. तो व्हर्लिनकडे बघत नव्हता. फळीकडे बघत होता.

व्हर्लिन उभा राहिला. चमच्यानं पेला वाजवला.

"म्हातारा दुसऱ्याच कानावर गेला," तो म्हणाला.

गाशुशाचं फडकं थांबलं.

"पन्नास वेळा गेला. मोजले आहेत. आणि तो कान उंच आहे. तेही मोजलं आहे, तीन तऱ्हांनी. ऑर्व्हिलनंही बघितलं, त्याला आकाश दिसलं. पेटी चुकीच्या जागी आहे. म्हणजे या गावात त्या डोंगराचा माथा पन्नास वेळा गाठलेला एकच माणूस आहे, आणि तो टोकाला बसलाय. गाशुशा, लोखंड तापव."

काय गलका झाला! एक म्हणाला, नळी बिघडली असेल. दुसरा म्हणाला, मग माझ्या सात चढायांचं काय? तिसऱ्यानं नकाशा आणला. व्हर्लिन सगळ्यांना एकच उत्तर देत होता: "जाऊन बघून ये. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

नाव त्यानंच डागलं. पेन्सिलीनं रेघ मारली, पाणसळ लावून ती तपासली, आणि बेतिरीला शेजारी उभं करून अक्षरं विचारून घेतली. दोनदा. "बापाच्या कागदावर चुकलं होतं म्हणालास. 'आर' दोन आहेत ना? नक्की?" लाकडाचा धूर वर गेला. बेतिरी पुढे झाला आणि गरम अक्षरांवरून बोट फिरवू लागला. चटका बसला असणार, पण बोट काही उचललं नाही.

मग व्हर्लिननं खिशातून कानस काढली आणि तो आपल्या नावाकडे वळला.

"खबरदार!" गाशुशा ओरडली. "भिंत माझी आहे."

"खोटं आहे ते."

"मग राहू दे. त्याच्याकडे बघून तू रोज जेव. तुला तेवढी शिक्षा पुरे."

व्हर्लिननं नाव राहू दिलं, पण एकसष्टचा आकडा घासून काढला, आणि तिथे पेन्सिलीनं '१' लिहिला. डागू दिलं नाही. "हा बदलेल," म्हणाला.

ऑक्टोबरात बेतिरी बॉइझीला गेला. यंदाच्या उन्हाळ्यात बर्फ उतरल्याबरोबर व्हर्लिन एकटाच दक्षिणेच्या वाटेनं गेला. ओढ्यातून एक गोटा उचलून नेला, पोरग्याच्या पश्चिमेच्या अंगाला पायथ्याशी बसवला आणि संध्याकाळी धुळीनं माखलेला तसाच हॉटेलात आला. गाशुशानं बेतिरीला फोन लावून दिला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"जाऊन आलो," व्हर्लिन म्हणाला. "दुसरी."

पलीकडे खालून गाड्या जात असल्याचं ऐकू येत होतं. मग बेतिरीचा आवाज आला, सावकाश.

"कशावरून?"

आम्ही सगळे व्हर्लिनच्या तोंडाकडे बघत होतो. तीस वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं मान सरळ केली. खरंच, सरळ.

"गोटा ठेवलाय. पश्चिमेला," तो म्हणाला.

"असेल," बेतिरी म्हणाला. "माझा घरंगळलेला एक होता. तो आता कुठे आहे?"

व्हर्लिन ते ऐकून चाचरला. "तो... तो मी गेल्या वर्षीच पुन्हा बसवला की. ओळीत."

"कितवा?"

व्हर्लिननं बोटांवर मोजायला सुरुवात केली. मग त्यानं फोन गाशुशाच्या हातात दिला, टोपी डोक्यावर घातली आणि दाराकडे निघाला.

"आता कुठे?" टेबलावरून लुएला ओरडली. "जेवण वाढलंय!"

"शनिवारी पुन्हा जावं लागणार," तो म्हणाला. "मोजून यायला हवं."